सासूबाईंसाठी उकडलेले सेब

आधी हातातला चहा संपवा. मग ठसका लागला, नाकातून चहा आला, तर माझ्या नावानं बोंब नको! लोकांची टोपी उडवण्यात माझा जन्म गेला. पण माझी स्वतःची उडाली ती मानवतला, भर सासुरवाडीत. आणि उडवणारा कोण? मीच!

सत्तरच्या पुढची सालं. ताडकळसला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान. सातवीत मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो, तेव्हापासून हातात पाना.

त्या संक्रांतीला बायकोनं, शांतानं, हळदीकुंकू ठेवलं. मला काय अवदसा आठवली, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि येईल त्या बाईला हळूच सांगितलं, "वैनी, टोचनारे आलेत. आमच्याच घरात बसलेत." तेव्हा देवीची लस टोचणाऱ्यांचं नाव काढलं की बायका लेकरं काखेला मारून पळायच्या. त्याही पळाल्या. शांता दिवेलागणीपर्यंत वाण मांडून एकटी बसली. खरं कळल्यावर तिनं वाण आवरलं. सकाळी ट्रंक उचलली आणि मानवतची एस्टी धरली.

सासरे नव्हते, घर सासूबाईंच्या हुकुमात. त्यांचा निरोप आला, "जावायाचं चेष्टेचं येड गेल्याबिगर पोरगी धाडत न्हाई."

मग काय! हातानं भाकरी थापायला लागलो. थापल्या कसल्या, जाळल्या. फाल्गुन आला तरी शांताचा पत्ता नाही.

एक दिवस मानवतकडचं एक गिऱ्हाईक सांगत आलं, सासूबाईंचे सगळे दात काढले, जबडा सुजलाय, ताकाशिवाय पोटात काही नाही. मला आनंद झाला. दातांचा नाही हो! वाट सापडली त्याचा. गावातल्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, "सफरचंद उकड, घोट, साखर घाल. बिनदाताचं लेकरूसुद्धा खातं."

परभणीला उतरून पिशवीभर घेतली. सफरचंदाला आमच्याकडं सेब म्हणायचे. आज तुमची नातवंडं शाळेच्या डब्यात नेतात, पण तेव्हा सेब म्हणजे बिमाराचं फळ. धडधाकट माणसानं सेब खाल्लेलं मी तरी पाहिलं नव्हतं. पिशवीत सेब दिसले की भाव कोण विचारतो? 'कोन ॲडमिट हाय?' हाच सवाल.

मानवतच्या एस्टीत शेजारी येऊन बसले शांताचे मामा, म्हणजे सासूबाईंचे सख्खे भाऊ. पिशवीकडं बघून दचकले.

"जावाई, सेब? कोन बिमार हाय?"

सरळ सांगावं की नाही, दात काढलेत म्हणून? पण जिभेला खाज सुटली. मी मान खाली घालून सुस्कारा सोडला.

"आरं बोला की!"

"आक्का."

"काय झालं आमच्या आक्काला?"

"अन्न सुटलंय, मामा. बोलनं बी बंद हाय."

यात खोटं काय, तुम्हीच सांगा!

"डाक्टर काय म्हनायलाय?"

"डाक्टरच्या हातात हुतं तेवढं त्यानं केलं."

हेही खरं. उपटले ना त्यानं! वर मी आणखी म्हणालो, "एकदा भेटून घ्या, मामा."

मामांचं गाव रस्त्यातच. "तुमी व्हा फुडं, मामीला घिऊन आलोच," म्हणत धोतर सावरत उतरले नि पळत सुटले. इकडं माझ्या पोटात हसू मावेना. मामा रडत येतील, बहीण वाटी चाटत बसलेली दिसेल, सगळे हसतील. काय मजा!

घरी गेलो तर सासूबाई खाटेवर. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं. मला बघून नुसते डोळे वटारले. शांता भिंतीकडं तोंड करून उभी. मी गुमान चुलीपुढं बसलो. सालं काढली, बिया काढल्या, फोडी केल्या. कल्हईच्या पातेल्यात थोडं पाणी घालून झाकण ठेवलं.

शांता मांजराला म्हणाली, "पानी लय झालंय, सांग त्यान्ला."

मी थोडं पाणी ओतून टाकलं.

"जाळ मागं वढा म्हनावं."

ओढला. फोडी मऊ झाल्या तशा रवीनं घोटल्या, साखर टाकली, चिमूटभर वेलदोडा. झालं! पंक्चर काढणं याहून अवघड.

सासूबाई मला ओळखून होत्या. पहिला चमचा त्यांनी खुणेनं मलाच खायला लावला. मी मेलो नाही हे बघून मग वाटी हातात घेतली. एक वाटी गेली, दुसरी गेली. मग त्यांनी बोट शांताकडं केलं, माझ्याकडं केलं, आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडं केलं. जा घेऊन! जिंकलो की हो!

पोट भरल्यावर त्या डोक्यावरून चादर ओढून झोपल्या. शांता कपडे आवरायला मागच्या खोलीत गेली. मी खुशीत दुसरा घाणा चढवला आणि गुणगुणत साखर ढवळायला लागलो.

तेवढ्यात गल्लीत बैलगाड्या थांबल्या.

"आक्का गंऽऽ! आमाला सोडून कशी गं गेलीस!"

मामांच्या गावात 'भेटून घ्या'चं घटकाभरात 'गेली' झालं होतं. दोन गाड्या भरून भावकी आली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मामींच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी! आत येऊन बघतात तर काय? खाटेवर डोक्यावरून चादर, पायाचे अंगठे बाहेर. आणि चुलीपुढं जावई गाणं म्हणत गोडधोड करतोय.

मामांनी माझी गचांडी धरली. "आरं, सासूची मयत घरात अन् तू गोड करायलास?"

"मामा, झोपल्यात त्या!"

"झोपल्यात म्हनं! मयतीत बी चेष्टा?"

आयुष्यात एकदा खरं बोललो, त्याला काय किंमत आली बघा. आरडाओरडा ऐकून शांता धावत आली. मामा रडतोय, आई हलत नाही. तिनं चुलीवरचं पातेलं बघितलं आणि किंकाळी फोडली.

"काय खाऊ घातलं तुमी माझ्या मायला?"

झालं! म्हणजे मी खुनी!

आता भावकी माझ्यावर हात टाकणार, तेवढ्यात चादर हलली. सासूबाई उठून बसल्या. मामी पाटी टाकून थेट अंगणात. मामांच्या हातातून माझी गचांडी सुटली.

"आक्का... जावायानं सांगितलं, तू..."

सासूबाईंनी भरलेलं घर बघितलं, सांडलेलं पिठलं बघितलं, मला बघितलं. सावकाश जबड्याचं फडकं सोडलं. दात काढल्यापासून त्यांच्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. माझ्या सेबानं त्यांना ताकद आली आणि ती सगळी माझ्यावरच खर्च झाली. बिनदाताच्या शिव्या मऊ असतील असं वाटतं ना तुम्हाला? खाऊन बघा एकदा!

दम लागला तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, "पोरगी जायची न्हाई."

मी चपला शोधायला लागलो.

"थांब! तू बी जायचा न्हाईस. मला कवळी बसंस्तोवर हितंच ऱ्हा अन् रोज सेब उकडून घाल."

शांता पदर तोंडाला लावून खुसखुसली. भावकीनं माना डोलावल्या. माझं कोण ऐकतंय!

लोक सासुरवाडीला जाऊन बायकोला घेऊन येतात. मी गेलो आणि कवळी बसेपर्यंत तिथंच नांदलो.