नेहमीची डाय

अंधेरीतल्या बंदुकांच्या दुकानात मी मुलीच्या एअर रायफलचे छर्रे घ्यायला गेलो होतो. माझ्याआधी सत्तरीचे एक गृहस्थ काउंटरपाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशाचं बटण नीट लावलेलं. नेमबाजीतली काही परवानाधारक माणसं काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. बार उडाला की पुंगळी फुगते, मग ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून मापात आणावी लागते. त्यांच्यापुढे दोन डाय होत्या. एक पुंगळीची फक्त मान आवळणारी, दुसरी सगळं अंग.

दुकानदाराने पहिली पुढे सरकवली. "काका, तुमची नेहमीची."

त्यांनी ती एका बोटाने मागे ढकलली. "दुसरी दे."

"अहो, तुमच्या पुंगळ्या तुमच्या रायफलीच्या मापाच्या झाल्यात. मान आवळली की बास ना."

"तेच तर. रायफल पोलिसांत जमा करतोय मी. हात थरथरतो. पुंगळ्या क्लबातल्या पोरांना देणार, त्यांच्या रायफलीत बसायला नकोत?"

त्यांनी खिशाचं बटण काढून एक पितळी पुंगळी बाहेर घेतली, अंगठ्याने पुसली आणि मापासाठी काउंटरवर उभी केली.

"एखादी तरी तशीच ठेवा," दुकानदार म्हणाला.

"कशात घालायला?"

आवाजात कडवटपणा नव्हता. पंखा बंद केला का, असं विचारावं तसं ते विचारत होते. माप जुळल्यावर पुंगळी त्यांनी दुकानदारालाच देऊन टाकली, नवी डाय पिशवीत ठेवली आणि रिकाम्या खिशाचं बटण लावून निघून गेले.