टबातले सहा लॉबस्टर

मुलीचा निरोप बायकोकरवी आला होता, कारण माझं आणि मुलीचं बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. "ख्रिसमसला सिम्पल अँड एलिगंट करा. लॉबस्टर उकडायचे, बटर, बटाटे, एक सॅलड. मसाला नको आणि दहा पदार्थ तर नकोच."

भांडण माझंच होतं. मागच्या वर्षीच्या दिवाळीत मी ताडकन बोलून गेलो होतो की तिच्या पसंतीचा तो गोरा मुलगा माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही. ती बूट घालून निघाली ती निघालीच. राहते इथेच, कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये, हार्बरपलीकडे, फेरीने पोचायला पाव तासही लागत नाही. पण मी गेलो नाही. शेवटी नमतं घेतलं आणि त्या मुलाला, त्याच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं. मुलीला सॉरी म्हणणं मात्र जमेना. काय सांगायचं ते जेवणातून सांगू, असं ठरवलं. अवघड एवढंच होतं की मुलाच्या वडिलांचं सगळं आयुष्य बोटीवर लॉबस्टर पकडण्यात गेलं होतं.

चोवीस तारखेला दुपारी मी सहा जिवंत लॉबस्टर आणले. दुकानदाराने बजावलं होतं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. मी मान हलवली आणि मनातल्या मनात हसलो. मी भंडाऱ्याचा, तळ्यांच्या जिल्ह्यातला. आमच्याकडे मरळ मासा जिवंतच घरी यायचा आणि चुलीवर भांडं चढेपर्यंत पाण्याच्या बादलीत राहायचा. जिवंत जीव कोणी फ्रिजमध्ये कोंबतं का? मी बाथटब थंडगार पाण्याने भरला आणि सहाही त्यात सोडले.

बायको वॉशरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, दुकानदार काही वेगळं म्हणाला होता ना?"

"मला मासे शिकवू नकोस," मी खेकसलो.

सकाळी ब्रश करायला गेलो तर टबात काहीच हलत नव्हतं. मी एकाला बोटाने ढोसलं. दुसऱ्याला उचललं तर शेपटी ओल्या फडक्यासारखी लोंबली. फोनवर शोधलं तेव्हा कळलं, समुद्राच्या जिवाला नळाचं गोडं पाणी सोसत नाही, आणि मेलेला लॉबस्टर खाऊही नये. ख्रिसमसमुळे सगळी दुकानं बंद होती आणि पाहुणे पाचला येणार होते.

एक घाणेरडा विचार मनात आला, तोही सांगून टाकतो. मेलेला काय, जिवंत काय, उकळत्या पाण्यात लाल तर दोन्ही होणार. वर बटर ओतलं की कोणाला कळतंय? पण कळणारा माणूसच जेवायला येत होता. आणि पहिल्याच जेवणात मी मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना आजारी पाडणार होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"लेकीला विचारा," बायको म्हणाली.

"तू विचार."

"वर्षभर मीच विचारतेय. आता तुम्ही."

नंबर शोधायला मला बराच वेळ लागला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत तिने फोन उचलला.

"बाबा? काय झालं? आई ओके आहे ना?"

मी सगळं सांगितलं. "टॅप वॉटरमध्ये? ओह गॉड, बाबा. काल आणतानाच मला कॉल का नाही केला?"

"तू उचलला असता का?"



"मी वर्षभर फोन सायलेंटवर नाही ठेवला, बाबा," ती म्हणाली. "मीटिंगमध्येसुद्धा नाही. यू नेव्हर कॉल्ड."

मी टबच्या काठावर बसलो आणि सॉरी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नव्हता.