दाखवायची आई

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. निवृत्तीच्या समारंभात याच तपासासाठी माझं कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो नम्रपणा वाटला.

मी तेव्हा रायपूरच्या एका पोलीस थान्याचा प्रभारी, तिकडच्या बोलीत टीआय, होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा बघत होतो, तेवढ्यात ब्राह्मणपाऱ्यातल्या एक मराठी बाई आल्या. हातात टॉवेल, आणि त्यात लॅब्राडॉरचं पिल्लू. मेलेलं.

"आठवडाही नाही काढला यानं, साहेब. डॉक्टर म्हणते, पोटात जंतच जंत, अन् आईचं दूध नीट मिळालंच नसंन. पण मी तर आई पाहूनच घेतलं होतं ना जी!"

थान्यातला मुंशी हसला. "साहब, अब कुत्ते का भी मर्ग कायम करें?" अकस्मात मृत्यूच्या नोंदीला तिकडं मर्ग म्हणतात.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चौकशी करूनच गेलती मी. जागा साफ, आई समोर, अन् भिंतीवर तुमचा फोटू. वर्दीतला. टीआय साहेबानं इथूनच नेलं म्हणजे माणूस बरोबर असंन, असं वाटलं मले."

खरं होतं. माझ्या घरचा कुत्रा त्याच ब्रीडरकडचा. काही वर्षांपूर्वी पिल्लू नेताना त्यानं फोटो काढला होता: माझ्या मांडीवर पिल्लू, पायाशी त्याची आई. तो भिंतीवर लावलाय हे मला माहीत होतं. आवडलंही होतं.

बयान लिहून घेताना फोटोचं वाक्य मी गाळलं. बाईंनी सहीआधी कागद वाचला.

"फोटूचं नाही लिहिलं काहून?"

"त्याची गरज नाही, ताई."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. मग सही केली.

ब्रीडरचं घर चांगल्या कॉलनीत होतं. पंचांना आणि शिपायांना फाटकावर थांबवून मी आधी एकटाच आत गेलो. फोटो खिळ्यावरून उतरवला आणि पिशवीत घातला. त्या माणसानं ते पाहिलं आणि गालात हसला. मग मी पंचांना आत बोलावलं.

"पिल्लांची आई कुठंय?"

"यही तो है, साहब. आप तो पहचानते हैं इसको."

डाव्या कानाला खाच असलेली ती कुत्री मी खरंच ओळखत होतो. माझ्या पिल्लाचीही आई म्हणून त्यानं हीच दाखवली होती.

मी पिल्लं तिच्याजवळ सोडायला लावली. सगळी तिच्याकडे न जाता दुधाच्या ताटलीकडे धावली. एक चुकून तिच्या पोटाशी गेलं, तर ती गुरगुरली आणि उठून कोपऱ्यात जाऊन बसली.

चौकशीत आरडाओरडा करून फार काही हाती लागत नाही. गप्प राहिलं की समोरच्याला ती शांतता सोसत नाही. मी खुर्ची ओढून कुत्रीकडे बघत बसलो.

"थोड़ी चिड़चिड़ी है, साहब."

मी गप्प.

"गर्मी भी तो कितनी है."

मी गप्प.

मग ही खरंच व्यालीय का ते तपासायला जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला. "असली वाली भनपुरी में हैं," तो पुटपुटला.

भनपुरीत ट्रकच्या गॅरेजांमागे पत्र्याचं गोदाम होतं. मुताच्या वासानं दारातच डोळे चुरचुरले. जाळीच्या पिंजऱ्यांत माद्या होत्या, वेतामागून वेत होऊन पोटं लोंबलेल्या. एकीच्या छातीवर पांढरा चांदवा होता, अगदी आमच्या कुत्र्याच्या छातीवर आहे तसा. तिला उठवेना. पडल्या पडल्या तिनं शेपूट हलवली.

पंचनामा झाला, जप्ती झाली, माद्या निकालापर्यंत सांभाळायला सुपुर्दनाम्यावर एका निवाऱ्यात गेल्या. वर्तमानपत्रांत माझं नाव आलं.

कोर्टात बचाव साधा होता. खरी आई आजारी होती म्हणून या एकाच खेपेला दुसरी दाखवली, फसवायचा हेतू नव्हता. तो फोटो पुढं आला असता, तर तीच कुत्री वर्षानुवर्षं सगळ्यांची आई होत आली होती हे दिसलं असतं. पण मग मलाही त्याचा ग्राहक म्हणून साक्ष द्यावी लागली असती. मी साक्षीदार व्हायला हवं होतं. मी तपास अधिकारीच राहिलो.

फसवणुकीचं कलम टिकलं नाही. क्रूरतेचा दंड भरून तो सुटला. जनावरं त्यानं परत मागितली आणि ती त्याला मिळाली. बाई निकालाला आल्या होत्या. निकाल ऐकताच उठून निघून गेल्या.

चांगला ब्रीडर कसा ओळखायचा, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, आई बघा, आणि ती राहते ती जागाही बघा. तिची किती वेतं झाली ते विचारा. पिल्लं तिच्याकडे जातात का, तेवढा वेळ तिथं बसा. तुमच्याबद्दल काहीही न विचारता तो पिल्लू हातात देत असेल, तर उठून या. आणि भिंतीवर कोणाचा फोटो आहे ते बघू नका. हे शेवटचं का सांगतो, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

माद्या परत दिल्या त्या कागदावर माझी सही आहे. चांदव्याची ती गाडीत चढेना. मीच तिला उचलून ठेवलं.

त्या दिवशी घरी गेलो, तर आमचा कुत्रा माझ्या शर्टाला नाक लावून उभा राहिला. दारातून हलेना, मला आत येऊ देईना. आईचा वास त्याला आठवत होता का, मला ठाऊक नाही. मी शर्ट काढला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला.