आमच्याकडे सगळ्याला पित्तच म्हणतात

माझ्या नवऱ्याला लष्करात असताना जे झालं, त्याला आमच्या घरात पित्त म्हणतात. भरल्या ताटावरून उठून तो केळींच्या मागे जाऊन बसला, की पित्त. कुणी मागून हाक मारली आणि त्याने हातातला तांब्या भिंतीवर भिरकावला, की पित्त वाढलं. चार-चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही, की उष्णतेचं पित्त. हे निदान माझ्या सासूबाईंचं. गावच्या डॉक्टरांनाही त्यांनी ते पटवलं होतं, आणि डॉक्टर बिचारे वर्षानुवर्षं गोळ्या देत राहिले. त्या गोळ्यांनी नवऱ्याला आता आमच्या घरचं सुक्या बोंबलाचं जहाल कालवणसुद्धा बाधत नाही. बाकी सगळं बाधतं.

आम्ही पालघरकडच्या एडवणचे. केळीची वाडी, थोड्या पानवेली, पलीकडे समुद्र. आमच्या गावात माणसाला मधुमेह होऊ शकतो, मूळव्याध होऊ शकते, दुसरी बायकोसुद्धा होऊ शकते, पण डोक्याचं काही होऊ शकत नाही. डोक्याचं झालं की घरातल्या मुलींची लग्नं अडतात, आणि आमच्या नणंदेची मुलगी तेव्हा लग्नाची होती. म्हणून पित्त.

खरं काय झालं ते मला इतकंच ठाऊक आहे, की एका डोंगराळ चौकीवर हा चहा आणायला मागे वळला आणि ज्या दोघांसाठी चहा आणायचा होता ते स्फोटात गेले. लोकांना वाटतं अशा माणसाने चहा सोडला असेल. छे, दिवसातून पाच वेळा मागतो. फक्त आणायला स्वतः उठत नाही. बराच काळ मला तो नवरेपणाचा आळस वाटायचा.

त्याला नोकरीतून मोकळं करताना डॉक्टरांच्या मंडळासमोर उभं केलं होतं. आजार मनाचा आहे हे त्यांनी मान्य केलं, पण तो लष्करी सेवेमुळे झालेला नाही, मूळ स्वभावातलाच आहे, असा निकाल दिला. त्यामुळे अपंगत्वाची पेन्शन नाही. साधी पेन्शन होती, घर चालत होतं. वरची मिळाली असती तर मी नको म्हटलं नसतं, मी काही संत नाही. पण मला झोंबलं ते वेगळंच. घरी आल्यावर हा ओट्यावर बसून म्हणाला, "म्हणजे मी मुळातच असा." आणि तेव्हापासून त्याने ते खरं धरलं. आपलं काहीतरी बिघडलं आहे यापेक्षा आपण बिघडलेलेच जन्माला आलो, हे त्याला जास्त पटलं. मला असा राग आला की काय सांगू. लग्न करून मी ज्याच्या घरी आले तो माणूस शिमग्यात सोंग काढून अख्ख्या आळीला हसवायचा. तो मुळातला. त्याला खोटं ठरवणारा निकालातला मूळ हा एक शब्द मला खोडून घ्यायचा होता.

आता असा निकाल लागला कसा, तर त्यात आमच्या वीर पुरुषाचाही हातभार होता. मंडळासमोर जायचं म्हणून हा दाढी घोटून, बूट चमकवून, कडक इस्त्रीत गेला. झोप कशी आहे? ठीक है, सर. भूक? ठीक है, सर. मन? एकदम ठीक, सर. हे सगळं त्याने मला घरी येऊन अभिमानाने सांगितलं. फौजेत साहेबाने विचारलं तर तक्रार सांगायची नसते म्हणे. मी म्हटलं, अहो, त्यांनी तुम्हाला परेडला नाही, तपासायला बोलावलं होतं. तर म्हणाला, एकच असतं.

गावी आल्यावर त्याला सरावलीत राहणाऱ्या, फौजेतून नायकाच्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एकाने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनाच्या कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी लावून दिली. काही दिवस बरे गेले. मग कारखान्यात आगीचा सराव ठरला. सराव आहे हे सगळ्यांना आधी सांगितलं होतं, यालाही. पण भोंगा वाजला आणि याच्या तोंडून असा काही हुकूम सुटला की आवारातले झाडून सगळे कामगार जमिनीवर पालथे पडले, आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या शर्टातले मॅनेजरही. नायक सांगत होता, वहिनी, कुणी प्रश्नच विचारला नाही, आवाजच तसा होता. सुरक्षा अधिकाऱ्याने कौतुक केलं आणि मॅनेजरने नोकरीवरून काढलं. सासूबाई म्हणाल्या, पित्तात भोंगा ऐकू नये.

त्याच नायकाने आम्हाला पालघरच्या माजी सैनिकांच्या कार्यालयात नेलं. तिथल्या साहेबांनी अपील करता येतं हे नीट समजावून सांगितलं आणि घरी आल्यापासूनच्या उपचारांची कागदपत्रं मागितली. मी पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी बराच वेळ चाळला. मग चष्मा काढून अगदी आदराने विचारलं, की ताई, अपील मानसिक आजाराचं करायचं आहे की ॲसिडिटीचं?

तरी अपील झालं, आणि यथावकाश मुंबईच्या लष्करी इस्पितळातून फेरतपासणीचं बोलावणं आलं. मग मी वाडीत रंगीत तालीम सुरू केली. मी डॉक्टर, तो रुग्ण, केळी प्रेक्षक. झोप लागते का? ठीक आहे. अहो, नाही म्हणा. नाही, ठीक आहे. गाढवाला गीता शिकवणं सोपं गेलं असतं. नायकाचा सल्ला वेगळाच होता. आठवडाभर दाढी नको, आंघोळ नको, चुरगळलेला शर्ट आणि मधूनच एकटंच हसायचं, मंडळ चटकन मानतं. नवऱ्याने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मी आजारी आहे, घाणेरडा नाही." आणि इस्त्री तापत ठेवली. आजारी हा शब्द तो स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलला होता. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि पदरात तोंड घालून रडले.

त्याला लहानपणापासून ओळखणारं कुणी सोबत आणा, असंही इस्पितळाने कळवलं होतं. म्हणजे सासूबाई. त्यांनी साफ नाही म्हटलं. नातीची, म्हणजे नणंदेच्या त्याच मुलीची, सोयरीक केळव्याला जुळत आली होती. तिकडे कुणाच्या कानावर गेलं तर? मी हात जोडले, रुसले, शेवटी स्वयंपाक बंद करायची धमकी दिली. तेव्हा तयार झाल्या, पण अटीवर. येईन, पण पित्तच सांगेन. डॉक्टरांसाठी त्यांनी घरच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी बांधून घेतली. माझ्या मावसभावाच्या गाडीत मागच्या सीटवर एका बाजूला सुकेळ्यांचा वास आणि दुसऱ्या बाजूला बुटाच्या पॉलिशचा. आमचं काही खरं नाही, हे मला मनोरला हायवे लागेपर्यंतच कळून चुकलं होतं.

डॉक्टर बाई होत्या, अधिकारी, विदर्भाकडच्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या. नवरा खुर्चीतही सावधानमध्ये बसला होता. झोप? ठीक आहे, मॅडम. भीती वाटते? नाही, मॅडम. रागाचं काही? ठीक आहे, मॅडम. मी टाचेने त्याचा बूट दाबला, तर त्याने तो हळूच बाजूला घेतला, चमक जाईल म्हणून.

मग बाई सासूबाईंकडे वळल्या आणि घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे विचारलं. इथे सासूबाईंचा अभिमान दुखावला. आमच्या घराण्यात? त्यांनी सासरच्या आणि माहेरच्या सगळ्या पिढ्या उकरून काढल्या. एक चुलतसासरे माडाशी गप्पा मारायचे, पण ते ताडी प्यायल्यावर, ते धरायचं नाही. बाकी एकजात शहाणे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग यांना काय होतं?

मी डोळे मिटले. पित्त येणार होतं.

आलं नाही. डोळे उघडले तर सासूबाई लेकाच्या बुटांकडे बघत होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"पित्त नाय," त्या म्हणाल्या. "मी तुमाला धड पोरगा दिला होता, बाय. गावात हसनारा, भजनात झांजा वाजवनारा. तुमी मला हा परत दिला. माझाच हाय, मी ठेवून घेतला. पन हा असा नव्हता."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याला परत तोच प्रश्न विचारला, झोप लागते का?

तो आईकडे बघत होता.

"नाही, मॅडम," तो म्हणाला.

आणि मग तो बोलत राहिला. त्यातलं बरंचसं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं. ते इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. बाईंनी सुकेळी काही घेतली नाहीत, नियमात बसत नाही म्हणाल्या. परतीच्या वाटेवर ती सासूबाईंनीच संपवली, सरकारी माणसाला चव नसते असं म्हणत. नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि त्या दर थोड्या वेळाने दबल्या आवाजात मला म्हणत होत्या, त्याला गाडी हळू घ्यायला सांग.

निकाल काही महिन्यांनी लागला. आजार लष्करी सेवेमुळेच, असं मान्य झालं. नवऱ्याने ते एकदा वाचलं, माझ्याकडे दिलं आणि केळींना पाणी सोडायला गेला. जाताना शीळ वाजवत होता, बेसूर. मला ती अजून आठवते.

पुढे नातीचं लग्न केळव्यालाच ठरलं. आता लग्नात मामाला खोलीत कोंडून ठेवता येत नाही. मुलीला मंडपात आणायचं त्याने आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीमागे उभं राहायचंही त्यानेच. आणि वरपक्षाने तर शेवटच्या अक्षतेला लावायला फटाक्यांची भली मोठी माळ मंडपाच्या दारातच पसरून ठेवली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, पण भाचीच्या मागे ताठ उभा.

सासूबाई ठेवणीतलं लुगडं सावरत भर मंडपातून निघाल्या आणि नवऱ्यामुलाच्या बापासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भटजी थांबले. सगळं केळवं आणि अर्धं एडवण ऐकत होतं.

"व्याही, ती माळ उचला," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराला लढाईचा आजार हाय."

माझा नवरा अंतरपाटामागून घाईघाईने म्हणाला, "आई, राहू दे, ठीक आहे."

सासूबाईंनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"गप रे," त्या म्हणाल्या. "ठीक नाय."