खोटं बोलणारी कमांड आणि माझी मावशी

माझी मावशी नकार ऐकून पोट भरते. रोज ऑफिसात जायचं, एक फाईल बनवायची, ती कुणालाही वाचता येऊ नये अशी कुलूपबंद करायची आणि मग एखाद्या प्रोग्रामला सांगायचं, जा, वाच. हे प्रोग्राम काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करून चालवायचे, बटणं नाहीत की चित्रं नाहीत. परवानगी नसल्यामुळे तो बिचारा तोंडावर आपटतो. आपटल्यावर काय बोलतो, ते बघायचा पगार मावशीला मिळतो.

तिच्या मते आपटायचीही एक रीत असते. कुठली फाईल, काय जमलं नाही, का जमलं नाही, एवढं सांगायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. घरीही हाच कायदा. काका मिशीतल्या मिशीत "हं, बघू" म्हणाले (हा आवाज मला तंतोतंत जमतो), की मावशी फणकारते, नाही म्हणायचं तर नीट नाही म्हणा. मग काका नीट नाही म्हणतात आणि त्यावरून वेगळंच भांडण पेटतं.

गेल्या महिन्यात तिच्या ऑफिसात फाईलींच्या नकला काढून ठेवणारा नवा प्रोग्राम तयार झाला. तो लिहिणाऱ्याला सगळे 'झालंच' म्हणतात, कारण काहीही विचारा, तो चहाचा घोट घेऊन तेवढंच म्हणतो. मावशीचं म्हणणं, याचा प्रोग्रामही याच्यावरच गेलाय. कुलूपबंद फाईल दिसली की गुपचूप सोडून देतो आणि शेवटी छाती काढून सांगतो, "झालं." उद्या कुणाच्या हिशोबाची फाईल नकलेत नसेल, तेव्हा कुणाच्या नावानं बोंब मारायची?

साहेब नाकातून म्हणाले, मॅडम, सगळ्यांसमोर दाखवा. दाखवता आलं तर प्रोग्राम थांबवतो. नाही आलं, तर तो शुक्रवारी बाहेर लोकांच्या हाती जाईल आणि तुम्ही परत बटणांच्या विभागात. तिथं मावशी पूर्वी निळं बटण निळंच आहे ना, हे बघत दिवस काढायची.

पुढचं सगळं तिनं मला सांगितलेलं. आवाज तेवढे माझे.

बैठकीत साहेबांचंच मशीन भिंतीवरच्या पडद्याला जोडलेलं. मावशीनं तीन फाईली ठेवल्या, मधलीला कुलूप घातलं, "आता बघा" म्हणून ऐटीत हुकूम सोडला. तिन्हींच्या नकला झाल्या. कुलूपबंदसुद्धा, जशीच्या तशी. पडद्यावर "झालं."

झालंचनं घोट घेतला. साहेब नाकातून हसले, ते हसू शिट्टी अडकलेल्या कुकरसारखं येतं. मावशीनं फाईलीला परत कुलूप घातलं, आणखी जोरात टाइप करून. तरी तेच. बटणांचा विभाग तिला डोळ्यांसमोर निळा निळा दिसायला लागला.

मग तिची नजर हुकुमाच्या ओळीच्या सुरुवातीला गेली. तिथलं चिन्ह वेगळंच होतं. मशीनचा मालक म्हणून कुणी बसलं की ते येतं, आणि मालकाला कुठलंच कुलूप अडवत नाही.

"साहेब, तुम्ही मालक होऊन बसलाय?"

"तुम्हीच शिकवलंत, मॅडम. गेल्या आठवड्यात."

खरंच होतं. हे उघडत नाही, ते उघडत नाही, अशी त्यांची भुणभुण ऐकून कंटाळलेल्या मावशीनंच त्यांना तो रस्ता दाखवला होता आणि सोयीस्कर विसरली होती. ती एवढी लाल झाली म्हणे की कान गरम लागत होते.

पण हात थांबले नाहीत. जुन्या नकला पुसल्या, मालकाला बाहेर काढलं, साधा माणूस म्हणून आत शिरली, तोच हुकूम परत सोडला. प्रोग्राम म्हणाला, "झालं." नकलांचा फोल्डर उघडला, तर आत दोनच फाईली. मधलीचा पत्ता नाही, तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

सगळ्यांनी झालंचकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याचा घोट तोंडातच राहिला. शेवटी म्हणाला, "नाही झालं."

शुक्रवार रद्द झाला, बटणांचा विभागही. साहेबांनी तिथल्या तिथं फर्मान काढलं, यापुढे कुणीही मालक म्हणून बसायचं नाही, मीसुद्धा नाही. मग मोठ्या रुबाबात साधा माणूस होऊन, मालक असताना बनवलेली स्वतःचीच एक फाईल उघडायला गेले. पडद्यावर ओळ उमटली. ती त्यांनी वाचली, परत वाचली आणि नाक वर करून म्हणाले, "मॅडम, हे उघडत नाही."

"काय म्हणतंय ते मोठ्यानं वाचा," मावशी म्हणाली आणि आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.