बायकांची पट्टी

टेमघरला आमच्या गाण्याच्या सरांकडे मुलींसाठी एकच पट्टी होती, काळी पाच. पेटीचा तोच सूर सा धरून आम्ही सगळ्या गायचो. बाकीच्यांना जमायचं. मी पंचमापर्यंत बरी असायचे, पुढे मानेच्या शिरा ताठायच्या आणि वरचा सा किंचाळल्यासारखा लागायचा.

"सर, जरा खालून गाऊ का?" मी एकदा विचारलं.

"खालून पुरुष गातात," सर म्हणाले. "रियाज वाढव."

मी रियाज वाढवला आणि आवाज बसला. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात ओरडून बोलते म्हणून घसा बिघडतो, असं आईचं ठाम मत. तिने ज्येष्ठमध चालू केला.

नव्वदच्या आसपास खारबावहून मला बघायला पाहुणे आले. मुलगी शास्त्रीय गाते, असं आईने आधीच कळवलेलं. म्हणून सरांनाही पेटीसकट बोलावलं. मी भूप सुरू केला आणि वरच्या सा वर आवाज फाटला.

"सर्दी झालीय का हिला?" मुलाच्या आईने विचारलं.

"हो, कालपासून," आई म्हणाली.

मला राग आला. "सर, काळी दोन द्या," मी म्हटलं. ती पुरुषांची, खालची पट्टी. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून त्यांनी दिली. वरचा सा अलगद लागला, त्यावर थांबताही आलं. खाली मंद्रातही आवाज भरून येत होता. गाताना घशाची आठवण झाली नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

तेवढ्यात शेजारच्या लूमवाल्यांच्या बीबी खिडकीतून म्हणाल्या, "भाभी, कोन बुवा आलेत? अच्छा गातात."

पाहुणे हसले नाहीत. आठवड्याने निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण आवाज पुरुषी आहे. सरांनी आईचं सांत्वन केलं, "मी हिला सांगतच होतो."

मी मात्र काळी दोन सोडली नाही. पुढच्या वर्षी धामणकर नाक्याजवळ गणपतीच्या मांडवात त्याच पट्टीत गायले. लोक शेवटपर्यंत बसले. सर पहिल्या रांगेत होते. शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "प्रत्येक गळ्याची पट्टी वेगळी असते. हिची मीच शोधून काढली."

मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार?

त्याच मांडवातून मला पुढचं स्थळ आलं. त्या लोकांनी गाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही आणि लग्न जमलं. मी रियाजाला बसते तेव्हा नवरा शांतपणे पेपर वाचतो.