शेजारच्या बाईंचं भुसावळ

आई जळगावहून आमच्याकडे अमेरिकेतल्या डब्लिनला आली तेव्हा सुरुवातीला तिचं मन कशातच लागेना. मी आणि नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत. बाहेर छान हिरवळ, पण रस्त्यावर चिटपाखरू नाही. "बोलायला माणूस नाही गं इथं," ती म्हणायची आणि मला ऑफिसात बसून तिचाच घोर लागायचा.

एका शनिवारी मुलगी मागच्या अंगणात खेळत होती. आईने दारातून हाक मारली, "चाल वं माय, जेवाले चाल!"

"फाइव्ह मिनिट्स, आजी!" मुलगी ओरडली. तेवढ्यात शेजारच्या बाई हातातली झारी ठेवून आमच्या हिरवळीवर आल्या. नव्वदीला टेकलेल्या, पाठीत किंचित वाकलेल्या. इतक्या वर्षांत आमचं हाय-हॅलोपलीकडे बोलणं नव्हतं. आईकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "जेवाले चाल."

उच्चार थेट खानदेशी! मी त्यांना आत बोलावलं. त्या इंग्रजीत सांगत गेल्या आणि मी आईला मराठीत.

त्यांचे वडील इंग्रज, रेल्वेतले साहेब. बाईंचा जन्म भुसावळच्या बंगल्यातला. घरात इंग्लंडचं नाव कुणी घ्यायचं नाही, फक्त 'होम' म्हणायचे. होमहून बोटीने बिस्किटांचे डबे यायचे, शिळी मासिकं यायची. दिवाणखान्यात राजाची तसबीर. "आपण इथले नाही, तिथले," असं त्यांची मम्मा सारखं बजावायची. पण बाईंनी ते होम पाहिलेलंच नव्हतं. त्यांना सांभाळणारी आया तेवढी त्यांची होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर सगळे बोटीने गेले. तिथल्या शाळेत मुली त्यांच्या बोलण्याला हसायच्या. थंडीत पांघरुणात तोंड खुपसून त्या आयासाठी रडायच्या. पुढे एका अमेरिकन माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या.

आई गंभीर झाली. "तिला सांग, माझ्या वडिलांना ह्यांच्याच सरकारने तुरुंगात टाकलं होतं."

मी घुटमळले. "सांग तू," आई म्हणाली. मी सांगितलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "आमच्या घरात ह्या गोष्टी बोलतच नसत. मोठेपणी वाचल्या, तेव्हा फार लाज वाटली. आय ॲम सो सॉरी."

'सॉरी' आईला कळलं. तिने विचारलं, "त्या आयाचं नाव काय होतं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "सगळे आयाच म्हणायचे. तिला स्वतःची मुलं होती का, तेही मला माहीत नाही." त्यांचे डोळे भरून आले.

आई उठली. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. तिने बाईंचं ताट वाढलं. मी चमचा आणायला निघाले तर त्या हातानेच जेवायला लागल्या. हिरव्या मिरचीने नाकातून पाणी आलं, तरी थांबल्या नाहीत. "आया मला स्वयंपाकघरामागे बसून हे भरवायची. मम्माला पत्ता नव्हता," त्या हसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दोघी सोबत फिरायला जाऊ लागल्या. कोण कुठल्या भाषेत बोलतंय याची दोघींनाही फिकीर नसायची. बाईंनी आईला लायब्ररी दाखवली, आईने त्यांच्या ओट्यावर भाकरी थापली. मुक्काम आटोपायची वेळ आली तेव्हा, "तिकीट पुढे ढकलता येतं का गं?" असं आईनेच विचारलं. मला एवढा आनंद झाला की मी लगेच फोन हातात घेतला.

आता आई जळगावला आहे. रविवारी व्हिडिओ कॉल असतो, बाई आमच्या सोफ्यावर येऊन बसतात. दोघी अडल्या की माझी मुलगी मध्ये पडून भाषांतर करते. त्यामुळे तिचं मराठी सुधारलं. मी ह्या बाईंचे आभार मानते, आणि मनातल्या मनात त्या आयाचेही. तिने परक्या घरातल्या पोरीला आपल्या भाषेत जेवायला बोलावलं, म्हणून माझ्या आईला इथे मैत्रीण मिळाली.